मादागास्कर बेटाचा भूगोल, हवामान आणि इतिहास : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना

आपल्याकडील प्रादेशिक इतिहासाच्या बहुतेक ग्रंथांचे आणि प्रबंधांचे पहिले प्रकरण 'भौगोलिक पार्श्वभूमी' हे असते. त्यात सीमा, नद्या, पर्वत, पर्जन्यमान आणि पिके यांची माहिती दिलेली असते. दुसऱ्या प्रकरणापासून राजवंश सुरू होतात आणि पहिल्या प्रकरणातील नद्या व पर्वत पुन्हा क्वचितच भेटतात. याच्या उलट टोकाला दुसरी एक प्रवृत्ती आहे. एखाद्या प्रदेशाचे दारिद्र्य, दुष्काळ किंवा पारतंत्र्य हे थेट त्याच्या हवामानाच्या माथी मारणे, ही ती प्रवृत्ती होय. पहिल्या पद्धतीत भूगोल निष्क्रिय ठरतो, तर दुसऱ्या पद्धतीत माणूस निष्क्रिय ठरतो. इतिहासलेखनाच्या दृष्टीने दोन्ही पद्धती सदोष आहेत.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी हिंदी महासागरातील मादागास्कर या बेटाइतके उद्बोधक उदाहरण क्वचितच सापडेल. सुमारे ५,८७,००० चौ. कि. मी. क्षेत्रफळाचे हे बेट ग्रीनलंड, न्यू गिनी आणि बोर्निओ यांच्यानंतर जगातील चौथे मोठे बेट आहे. महाराष्ट्र राज्याच्या क्षेत्रफळाशी तुलना केल्यास ते जवळजवळ दुप्पट भरते. या बेटाच्या इतिहासात अरण्य, ताप, पाऊस, दलदल आणि निवडुंग यांना प्रत्यक्ष राजकीय महत्त्व प्राप्त झाले. त्याचबरोबर येथील प्रत्येक आपत्तीसाठी 'निसर्ग' किंवा 'अडाणी शेतकरी' यांना जबाबदार धरण्याची परंपराही येथे दीर्घकाळ चालत आली. प्रस्तुत लेखात या दोन्ही गोष्टींचा एकत्र विचार केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. मादागास्करची भूरचना व हवामान यांची वैशिष्ट्ये स्पष्ट करणे.
२. या वैशिष्ट्यांचा तेथील वस्ती, शेती, राज्यनिर्मिती आणि वसाहतवादी आक्रमण यांच्याशी असलेला संबंध तपासणे.
३. नैसर्गिक आपत्तींच्या कारणमीमांसेत मानवी निर्णयांचे स्थान निश्चित करणे.

बेटाची घडण

मादागास्कर हे बेट साधारणतः १२ ते २५.५ अंश दक्षिण अक्षांशांच्या दरम्यान पसरलेले आहे. मकरवृत्त त्याच्या दक्षिण भागातून जाते. दक्षिणोत्तर लांबी सुमारे १,६०० कि. मी. असून आफ्रिकेच्या मुख्य भूमीपासून ते मोझांबिक सामुद्रधुनीने वेगळे झाले आहे. ही सामुद्रधुनी सर्वांत अरुंद ठिकाणी सुमारे ४०० कि. मी. रुंद आहे.

भूशास्त्रीय दृष्ट्या हे बेट गोंडवन या प्राचीन महाखंडाचा तुकडा होय. आफ्रिकेपासून भारत व मादागास्कर यांचा जोडभूभाग प्रथम अलग झाला. पुढे सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूभाग मादागास्करपासून तुटून ईशान्येकडे सरकू लागला. बेटाचा पूर्व किनारा जवळजवळ सरळ रेषेत आहे, तो या भंगाची साक्ष देतो. कर्नाटकाच्या किनाऱ्यावरील मालपे येथील सेंट मेरी बेटांचे ज्वालामुखीजन्य खडक याच घटनेशी निगडित मानले जातात.

या दीर्घ विलगतेमुळे बेटावरील जीवसृष्टी स्वतंत्र मार्गाने विकसित झाली. लेमूर हा प्राणिगट निसर्गतः येथेच आढळतो. आपल्याकडे गोरखचिंच म्हणून परिचित असलेल्या वृक्षाच्या जगातील आठ जातींपैकी सहा जाती केवळ मादागास्करमध्ये आहेत.

भूरचनेचा विचार करता बेटाचे तीन उभे पट्टे पडतात. पूर्वेला अरुंद किनारपट्टी असून तिच्या मागे अरण्याने वेढलेला तीव्र उताराचा कडा आहे. मध्यभागी साधारण ८०० ते १,५०० मीटर उंचीचे पठार आहे. उत्तरेकडील त्सारातानाना पर्वतातील मारोमोकोत्रो हे २,८७६ मीटर उंचीचे शिखर बेटावर सर्वोच्च आहे. पठाराच्या पश्चिमेस जमीन हळूहळू उतरत जाते आणि विस्तीर्ण मैदाने लागतात. त्यामुळे पूर्ववाहिनी नद्या आखूड व वेगवान आहेत, तर बेत्सिबोका, त्सिरिबिहिना, मांगोकी या पश्चिमवाहिनी नद्या लांब व संथ आहेत. हा फरक ध्यानात ठेवणे आवश्यक आहे, कारण १८९५ साली फ्रेंच सैन्याने कोणता मार्ग निवडला याचे उत्तर याच फरकात आहे.

वारे, पाऊस आणि ऋतू

मादागास्करचे हवामान मुख्यतः दोन प्रकारच्या वाऱ्यांनी ठरते. आग्नेयेकडून येणारे बाष्पयुक्त व्यापारी वारे वर्षभर पूर्व कड्यावर आदळतात. त्यामुळे पूर्व किनाऱ्यावर खऱ्या अर्थाने कोरडा ऋतू नाही. तोआमासिना या बंदरात वर्षाला ३,००० मि. मी.हून अधिक पाऊस पडतो. नोव्हेंबर ते एप्रिल या उन्हाळी महिन्यांत वायव्येकडून येणारे मोसमी वारे उरलेल्या बेटाला पाऊस देतात. पठारावरील राजधानी आंतानानारिवो येथे हे प्रमाण सुमारे १,३०० ते १,४०० मि. मी. असते. नैर्ऋत्येकडील तोलियारा परिसरात ते अवघे ४०० मि. मी.च्या आसपास येते. मे ते ऑक्टोबर हा काळ पठारावर थंड व कोरडा असतो. चक्रीवादळांचा धोका उन्हाळ्यात, विशेषतः जानेवारी ते मार्च या महिन्यांत, अधिक असतो.

महाराष्ट्रातील अभ्यासकाला ही रचना अपरिचित वाटणार नाही. महाबळेश्वरचा धुवाधार पाऊस आणि त्याच सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याची पर्जन्यछाया यांचे हे जणू आरशातील प्रतिबिंब आहे. आपल्याकडे पाऊस पश्चिमेकडून येतो आणि पूर्वेला दुष्काळी पट्टा असतो. तेथे पाऊस पूर्वेकडून येतो आणि पश्चिम व नैर्ऋत्य भाग कोरडा राहतो. हे साम्य केवळ रचनेपुरते नाही. मस्कारेन बेटांच्या परिसरातील उच्चदाब क्षेत्रातून निघणारे वारे मादागास्करच्या उत्तर टोकाजवळून आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे जातात, विषुववृत्त ओलांडून वळतात आणि नैर्ऋत्य मोसमी वारे म्हणून सह्याद्रीवर येऊन आदळतात. म्हणजे दोन्ही प्रदेशांचे पर्जन्यमान एकाच महासागरी वायुव्यवस्थेत गुंतलेले आहे.

वस्ती, भात आणि गुरे

आफ्रिका खंड ४०० कि. मी. अंतरावर असूनही मादागास्करची भाषा आफ्रिकी कुळातील नाही. ती सुमारे ७,००० कि. मी. दूर असलेल्या बोर्निओ बेटावरील भाषांची भगिनी आहे. नॉर्वेजियन अभ्यासक ओटो ख्रिश्चन दाल यांनी १९५१ मध्ये मालागासी भाषेचे आग्नेय बोर्निओतील मान्यान भाषेशी असलेले जवळचे नाते दाखवून दिले. हिंदी महासागरातील वारे आणि प्रवाह जाणणाऱ्या दर्यावर्दींनी इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकात हा प्रवास केला, याबाबत बहुतांश अभ्यासकांचे एकमत आहे. त्यापूर्वीच्या मानवी वावराविषयी मात्र अद्याप वाद आहे. आजच्या मालागासी लोकसमूहात आशियाई व आफ्रिकी अशा दोन्ही वंशधारा एकत्र आल्या आहेत.

या दर्यावर्दींनी भाषेबरोबर शब्दही आणले. मलाय व जावानीज भाषांमधून काही संस्कृत शब्द मालागासी भाषेत पोहोचले. काही बोलींतील महिन्यांच्या जुन्या नावांत 'फोसा' आणि 'माका' ही नावे आढळतात. ती पौष आणि माघ या नावांची रूपे होत. शब्दांबरोबर पीकही आले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुरावनस्पतिशास्त्रीय संशोधनानुसार मादागास्कर व कोमोरो येथील आठव्या ते दहाव्या शतकांच्या सुमाराच्या वस्त्यांमध्ये भात, मूग व कापूस या आशियाई पिकांचे अवशेष सापडले आहेत. वशिंडाची गुरे मात्र पूर्व आफ्रिकेतून आली.

पुढील इतिहासात हवामानानुसार या दोन घटकांची विभागणी झाली. पूर्व उतारावर जंगल तोडून व जाळून भात पेरण्याची 'तावी' ही पद्धत रूढ झाली. आपल्या कोकणातील कुमरी शेतीशी ती मिळतीजुळती आहे. पठारावरील दलदलीत पाणभात आला. पश्चिमेच्या व दक्षिणेच्या कोरड्या मैदानांत गुरेपालन प्रमुख ठरले. सतराव्या शतकात पश्चिमेला उदयास आलेली साकालावांची मेनाबे व बोइना ही राज्ये गुरे, बंदरे आणि गुलामांचा व्यापार यांवर उभी होती. एकाच बेटावर तीन वेगळ्या अर्थव्यवस्था नांदत होत्या, ही बाब पुढील राज्यनिर्मिती समजून घेण्यासाठी महत्त्वाची आहे.

युरोपीयांचा प्रवेश आणि अपयश

१० ऑगस्ट १५०० रोजी पोर्तुगीज दर्यावर्दी दियोगो दियास याला हे बेट दिसले. त्या दिवशीच्या संताच्या नावावरून पोर्तुगीजांनी त्यास 'साओ लोरेन्सो' असे नाव दिले. त्यानंतर जवळजवळ चार शतके युरोपीय सत्तांना या बेटावर भक्कम पाय रोवता आला नाही. १६४५ मध्ये सुमारे १४० इंग्रज वसाहतकार नैर्ऋत्येकडील सेंट ऑगस्टीन उपसागरात उतरले. मादागास्कर म्हणजे भूलोकीचा स्वर्ग, असा प्रचार त्या काळी लंडनमध्ये चालू होता. प्रत्यक्षात त्यांनी निवडलेला किनारा हा बेटाच्या सर्वांत शुष्क पट्ट्यात होता. पिके उगवली नाहीत, रोगराई पसरली, स्थानिकांशी वैर आले आणि १६४६ मध्ये वसाहत सोडून द्यावी लागली. आग्नेय टोकावर १६४३ मध्ये स्थापन झालेली फ्रेंचांची फोर्ट दोफें ही वसाहतही १६७४ मध्ये संपुष्टात आली. या अपयशांमागे केवळ हवामान होते असे म्हणता येत नाही. फोर्ट दोफें येथील फ्रेंचांनी स्थानिक राजांच्या भांडणात घेतलेला भाग आणि धान्य व गुरांसाठी टाकलेल्या धाडी यांचाही त्यात मोठा वाटा होता.

जेथे वसाहतींना अपयश आले तेथे चाच्यांना यश मिळाले. ईशान्येकडील सेंट मारी या बेटावर सुरक्षित बंदर, गोडे पाणी, तांदूळ व गुरे मिळत असत. तेथून मोसमी वाऱ्यांच्या साहाय्याने तांबडा समुद्र व सुरत यांच्या दरम्यानच्या जलमार्गापर्यंत पोहोचता येत असे. १६९५ मध्ये हेन्री एव्हरी याने सुरतेकडे परतणारे 'गंज-इ-सवाई' हे मोगल बादशाही जहाज लुटले. १६९८ मध्ये कॅप्टन किड याने मलबार किनाऱ्यावर पकडलेले जहाज सेंट मारी येथे नेले. मराठ्यांच्या इतिहासाशीही या प्रकरणाचा एक धागा जुळतो. मादागास्करच्या चाच्यांचा बंदोबस्त करण्यासाठी पाठविलेले कमोडोर मॅथ्यूज यांचे ब्रिटिश आरमारी पथक १७२१ मध्ये कान्होजी आंग्रे यांच्या कुलाब्यावरील इंग्रज-पोर्तुगीज संयुक्त मोहिमेत सहभागी झाले आणि ती मोहीम फसली. इंग्रजी कागदपत्रांनी कान्होजींनाही 'चाचे' याच सदरात टाकले होते. कोणत्या समुद्रावर कोणाला गुन्हेगार ठरवावे हे कागद लिहिणाऱ्याच्या हाती होते, ही बाब येथे नोंदवून ठेवावी.

दलदलीतून राज्य : इमेरिना

मादागास्करमधील सर्वांत प्रभावी राज्य किनाऱ्यावर निर्माण झाले नाही. ते बंदरांपासून दूर, पठारावर, इमेरिना प्रदेशात निर्माण झाले. वरकरणी पाहता ही जागा राज्यासाठी अनुकूल नव्हती. टेकड्यांवरील तांबडी, जांभ्यासारखी माती निकस होती आणि खोलगट भाग दलदलीने व्यापलेले होते. सतराव्या शतकात राजा आंद्रियानजाका याने ज्या टेकडीवर आपली गढी उभारली, तिच्याभोवती आजचे आंतानानारिवो शहर वाढले. या टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या बेत्सिमितातात्रा या दलदलीचा निचरा करून भातखाचरे काढण्यास त्याच सुमारास प्रारंभ झाला.

अठराव्या शतकाच्या अखेरीस आंद्रियानाम्पोइनिमेरिना (कारकीर्द सुमारे १७८७ ते १८१०) याने हे काम मोठ्या प्रमाणावर पुढे नेले. इकोपा नदीला बांध घालणे, चर खणणे, पाट काढणे यांसाठी प्रजेकडून श्रम घेतले गेले. 'फानोम्पोआना' या नावाने ओळखली जाणारी ही श्रमसेवा मुळात राजाविषयीचे सार्वजनिक कर्तव्य म्हणून मानली जाई. भाताचे वाढीव उत्पादन, दाट लोकवस्ती आणि संघटित श्रम यांच्या बळावर इमेरिनाने शेजारील टेकड्यांवरची राज्ये जिंकली. समुद्र हीच आपल्या भातखाचराची सीमा, अशी आकांक्षा या राजाने व्यक्त केल्याचे परंपरा सांगते. राज्याची सीमा सांगण्यासाठी खाचराच्या बांधाची उपमा सुचावी, यातच त्या राज्याच्या पायाचे स्वरूप दिसून येते.

येथे एक मुद्दा स्पष्ट करणे आवश्यक आहे. पठारावर दलदल होती म्हणून राज्य झाले, असे विधान इतिहासदृष्ट्या अपुरे आहे. तशीच दलदल बेटावर अन्यत्रही होती. इमेरिनामध्ये बांध घालण्याचा निर्णय झाला, तो राबविणारी सत्ता उभी राहिली आणि त्या सत्तेने प्रजेचे श्रम ताब्यात घेतले. भूगोलाने उपलब्ध करून दिलेल्या शक्यतेचे राज्यात रूपांतर झाले ते या निर्णयांमुळे.

अरण्य आणि ताप : दोन सेनापती

आंद्रियानाम्पोइनिमेरिनाचा पुत्र पहिला रादामा (१८१०–१८२८) याने १८१७ मध्ये तोआमासिना बंदरापर्यंत धडक मारली आणि त्याच वर्षी ब्रिटिशांशी तह केला. या तहानुसार ब्रिटिशांनी त्यास मादागास्करचा राजा म्हणून मान्यता दिली व त्याने गुलामांची निर्यात थांबविण्याचे मान्य केले. परंतु पठारावरून खाली उतरणारे त्याचे सैनिक किनाऱ्यावरील हिवतापाने मोठ्या संख्येने मृत्यू पावत. जो ताप मेरिना सैन्याला छळत होता, तोच परकीयांनाही रोखत होता. आपल्याजवळ 'हाझो' (अरण्य) आणि 'ताझो' (ताप) हे दोन अजिंक्य सेनापती आहेत, हा उद्गार रादामाच्या नावावर सांगितला जातो. पहिली रानावालोना हिच्या काळात (१८२८–१८६१) किनाऱ्यापासून राजधानीपर्यंत गाडीरस्ता न बांधणे हे राज्याचे धोरणच होते. चिखल, अरण्य आणि कडा यांचा तटबंदीसारखा उपयोग करण्यात आला.

१८९५ मध्ये या तटबंदीची परीक्षा झाली. जनरल द्युशेन याच्या नेतृत्वाखाली सुमारे १५,००० सैनिकांची फ्रेंच मोहीम वायव्येकडील महाजांगा बंदरात उतरली. पूर्वेकडील मार्ग अंतराने जवळचा असला तरी अरण्य व कड्यामुळे अवघड होता, म्हणून बेत्सिबोका नदीच्या खोऱ्यातून सौम्य चढाने जाण्याचे ठरले. सामान वाहून नेण्यासाठी हजारो लोखंडी दुचाकी गाड्या आणल्या होत्या. या गाड्यांना रस्ता हवा होता, म्हणून सैनिकांना व हमालांना दलदलीच्या खोऱ्यात रस्ता खणण्यास जुंपले गेले. परिणाम भीषण झाला. लढाईत सुमारे २५ जण मृत्यू पावले, तर हिवताप व इतर आजारांनी सुमारे ६,००० जणांचा बळी घेतला. हिवतापाचे जंतू डासाच्या शरीरात वाढतात, हे रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबाद येथे दाखवून दिले ते १८९७ मध्ये, म्हणजे या मोहिमेनंतर दोन वर्षांनी. मात्र क्विनीनचा उपयोग त्यापूर्वीच परिचित होता. तिचे वाटप नीट झाले नाही, हा सेनाप्रशासनाचा दोष होता.

अखेरीस द्युशेनने रस्त्याचा नाद सोडून सुमारे ४,००० जणांची हलकी तुकडी पुढे काढली आणि ३० सप्टेंबर १८९५ रोजी आंतानानारिवो पडले. दोन्ही 'सेनापतींनी' आपले काम चोख बजावले होते, तरीही राज्य वाचले नाही. याचे कारण भूगोलात शोधून सापडणार नाही. फानोम्पोआना ही सार्वजनिक सेवा एकोणिसाव्या शतकात वेठबिगारीत परिणत झाली होती. सैन्य, कारखाने, सोन्याच्या खाणी आणि मालवाहतूक यांसाठी बिनमोबदला राबविल्या गेलेल्या प्रजेला राज्य आपले वाटेनासे झाले होते. ग्विन कॅम्पबेल यांच्या आर्थिक इतिहासात या प्रक्रियेचे सविस्तर विवेचन आढळते. सैनिक पळून जात होते, अधिकारी लाच घेऊन सूट देत होते. बांध घालणाऱ्या श्रमातून जे राज्य उभे राहिले, ते त्याच श्रमाच्या शोषणाने पोखरले गेले.

राजधानी पडल्यानंतर काही आठवड्यांतच ग्रामीण भागात 'मेनालांबा' उठाव सुरू झाला. या शब्दाचा अर्थ 'तांबडी शाल' असा आहे. पठारावरील तांबड्या मातीने उठाववाल्यांची वस्त्रे माखलेली असत, त्यावरून हे नाव पडले. पुढे २९ मार्च १९४७ रोजी सुरू झालेल्या वसाहतविरोधी उठावातही बंडखोरांनी पूर्वेच्या अरण्याचा आश्रय घेतला. त्या अरण्यात उपासमार व रोगराईने असंख्य माणसे दगावली. मृतांची संख्या प्रथम ८९,००० व नंतर ११,००० च्या आसपास सांगण्यात आली. एकाच घटनेच्या दोन अधिकृत आकड्यांतील ही तफावत वसाहतवादी नोंदींविषयी बरेच काही सांगून जाते.

अरण्यनाशाचे कथन

६ ऑगस्ट १८९६ रोजी मादागास्कर ही फ्रान्सची वसाहत म्हणून घोषित झाली. त्यानंतर आलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञांना पठारावर मैलोन्‌मैल पसरलेले गवत आणि 'लावाका' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खोल तांबड्या घळी दिसल्या. पेरिए द ला बाती (१९२१) आणि आंरी अम्बेर (१९२७) यांनी असे प्रतिपादन केले की हे बेट एके काळी जवळजवळ संपूर्ण अरण्याने आच्छादलेले होते आणि मालागासी लोकांनी ते जाळून नष्ट केले. हे प्रतिपादन अनेक दशके पाठ्यपुस्तकांतून निर्विवाद सत्य म्हणून शिकविले गेले.

१९८० च्या दशकापासून डेव्हिड बर्नी यांच्या परागकण व कोळशाच्या अवशेषांवरील संशोधनाने या मताला छेद दिला. मानवी वस्तीपूर्वीही पठारावर गवताळ प्रदेश होते आणि नैसर्गिक वणवे लागत होते, असे त्यातून दिसून आले. लावाका घळीही केवळ जंगलतोडीचे अपत्य नसून माती, खडक व पाऊस यांच्या नैसर्गिक क्रियेतूनही त्या तयार होतात. लुसी जारोझ यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात वसाहतकाळातील अरण्यनाशाचा संबंध निर्यातीसाठीची कॉफी लागवड आणि लाकूडतोडीच्या सवलती यांच्याशी जोडून दाखविला. कॉफीने चांगली जमीन व्यापली, मजूर शेतीपासून तुटले आणि भातासाठी कुटुंबे जंगलात अधिक आत ढकलली गेली. याच काळात तावी शेतीवर बंदी घालणारे हुकूम निघत होते. शासनाच्या नजरेत गुन्हेगार ठरला तो डोंगरावरील शेतकरी.

याचा अर्थ अरण्यनाश झालाच नाही असा नव्हे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार १९५३ ते २०१४ या काळात बेटावरील नैसर्गिक अरण्यांपैकी सुमारे ४४ टक्के अरण्य नष्ट झाले. तावी शेतीचा व कोळशासाठी होणाऱ्या तोडीचा त्यात वाटा आहेच. प्रश्न आहे तो आरंभबिंदूचा आणि जबाबदारीच्या वाटपाचा. संपूर्ण बेट अरण्यमय होते असे गृहीत धरले की सर्व दोष पूर्वजांवर जातो आणि गेल्या शतकातील धोरणांची चौकशी करण्याची आवश्यकताच उरत नाही.

निवडुंग, दुष्काळ आणि जबाबदारी

बेटाच्या दक्षिण टोकावरील आंद्रॉय प्रदेशात पाऊस अल्प आणि बेभरवशाचा असतो. १७६९ च्या सुमारास फोर्ट दोफें येथील फ्रेंचांनी अमेरिकन मूळचा फड्या निवडुंग येथे आणला. 'राकेता' या नावाने तो आंद्रॉयमध्ये सर्वत्र पसरला. तेथील पशुपालकांनी त्याला आपल्या जीवनव्यवस्थेचा कणा बनविले. काटे जाळून त्याची फडे गुरांना चारली जात, त्यातूनच गुरांना पाणीही मिळे. फळे माणसे खात. वस्त्यांभोवती त्याचे कुंपण असे, आणि या काटेरी कुंपणामुळे फ्रेंच सैन्यालाही आंद्रॉय जिंकणे कठीण गेले.

१९२४ मध्ये तोलियारा येथे कोचिनील जातीचा कीटक सोडण्यात आला. काही वर्षांतच त्याने दक्षिणेकडील राकेता जवळजवळ संपुष्टात आणला. त्यानंतर पाऊसही हुकला आणि १९३० च्या सुमारास आंद्रॉयमध्ये भीषण दुष्काळ पडला. गुरे मेली, माणसे मेली, असंख्य कुटुंबे मजुरीसाठी उत्तरेकडे गेली. करेन मिडल्टन यांनी १९९९ मधील आपल्या लेखात या प्रकरणाची तपासणी करून वसाहतीतील शास्त्रज्ञ, प्रशासक आणि मजुरांची गरज असलेले मळेवाले यांच्यातील वादाचे स्वरूप उलगडले आहे. दक्षिण भारतातही १९२० च्या दशकात फड्या निवडुंगाच्या निर्मूलनासाठी याच वर्गातील कीटक सोडले गेले. येथे तो शेताला त्रास देणारा तण होता, तर आंद्रॉयमध्ये तो चारा, पाणी आणि तटबंदी होता. वनस्पती एकच, परंतु ती काढून टाकण्याचा अर्थ दोन समाजांसाठी सर्वस्वी भिन्न होता. आंद्रॉयचा दुष्काळ केवळ 'पाऊस न झाल्याने' पडला असे लिहिणे म्हणूनच अर्धसत्य ठरते. दुष्काळी वर्षांत तग धरण्याचे साधन आधीच नष्ट करण्यात आले होते.

हाच प्रश्न अलीकडे पुन्हा उपस्थित झाला. २०१९ ते २०२१ या काळात दक्षिण मादागास्करमध्ये दोन पावसाळे सलग हुकले. हवामानबदलामुळे उद्भवलेला जगातील पहिला दुष्काळ, असे त्याचे वर्णन आंतरराष्ट्रीय व्यासपीठांवरून झाले. डिसेंबर २०२१ मध्ये वर्ल्ड वेदर ॲट्रिब्यूशन या शास्त्रज्ञगटाने आपला अभ्यास प्रसिद्ध केला. जुलै २०१९ ते जून २०२१ या काळातील पाऊस सरासरीच्या सुमारे ६० टक्केच होता, परंतु या तुटीत मानवनिर्मित हवामानबदलाचा वाटा असलाच तर अल्प होता, असा त्यांचा निष्कर्ष होता. दारिद्र्य, सुविधांचा अभाव आणि केवळ पावसावरील अवलंबित्व ही संकटाची प्रमुख कारणे त्यांनी नोंदविली. हवामानबदलाचा धोका खोटा आहे, असा याचा अर्थ होत नाही. फेब्रुवारी २०२२ मधील बात्सिराई आणि फेब्रुवारी २०२३ मधील फ्रेडी या चक्रीवादळांनी पूर्व किनाऱ्याचे केलेले नुकसान सर्वज्ञात आहे. परंतु प्रत्येक दुष्काळाचे एकच जागतिक कारण सांगितले की रस्ते, पाणीयोजना व आरोग्यसेवा यांपासून दक्षिण भाग दशकानुदशके वंचित का राहिला, हा प्रश्न मागे पडतो. सप्टेंबर २०२५ मध्ये आंतानानारिवो येथे पाणी व वीज यांच्या टंचाईविरुद्ध तरुणांची निदर्शने सुरू झाली आणि ऑक्टोबरमध्ये लष्कराने सत्ता हाती घेतली. ज्या शहरात वर्षाला १,३०० मि. मी.हून अधिक पाऊस पडतो, तेथील नळ कोरडे राहणे हा पर्जन्यमानाचा प्रश्न नव्हे.

निष्कर्ष

१. मादागास्करची भूरचना व हवामान यांनी तेथे तीन भिन्न अर्थव्यवस्थांना जन्म दिला. बेटाच्या एकीकरणाचा इतिहास हा या भिन्नतेवर मात करण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे.
२. इमेरिना राज्याचा उदय दलदलीच्या निचऱ्यातून व संघटित श्रमातून झाला. त्याच श्रमाचे वेठबिगारीत झालेले रूपांतर त्याच्या पतनास कारणीभूत ठरले. अरण्य व हिवताप यांनी शत्रूची प्रचंड हानी केली, परंतु प्रजेचा विश्वास गमावलेल्या राज्याला ते वाचवू शकले नाहीत.
३. अरण्यनाशासंबंधीचे वसाहतकालीन कथन निरीक्षणापेक्षा गृहीतकावर अधिक आधारलेले होते आणि ते शासनाला सोयीचे होते.
४. १९३० च्या सुमारास आंद्रॉयमध्ये आणि २०२१ मध्ये दक्षिण मादागास्करमध्ये पडलेल्या दुष्काळांत पावसाची तूट खरी होती. मात्र त्या तुटीचे उपासमारीत रूपांतर होण्यामागे मानवी निर्णय किंवा निर्णयांचा अभाव होता.

'भौगोलिक पार्श्वभूमी' हे प्रकरण म्हणूनच पहिल्या वीस पानांत संपविण्याचे प्रकरण नाही. १९७२ च्या महाराष्ट्रातील दुष्काळाविषयी विद्यार्थ्यांना शिकविताना आपण पावसाच्या आकड्यांबरोबर रोजगार हमीचा, धान्यपुरवठ्याचा आणि सिंचनाच्या वाटपाचा प्रश्न विचारतो. मादागास्करचा इतिहास आपल्याला तोच प्रश्न प्रत्येक प्रकरणात विचारण्यास शिकवितो. पाऊस किती पडला याची नोंद पर्जन्यमापक ठेवतो. तो न पडल्यावर कोण उपाशी राहिले आणि का, याची नोंद ठेवणे हे इतिहासाच्या अभ्यासकाचे काम आहे.